पाठमोरा सरदार

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही नातीने दिली. मुखपृष्ठावर फुलपाखरू आहे. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर त्याच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून लिहितो आहे. फुलपाखराकडे त्याने कानाडोळा करावा.

आज सिनेमावाल्यांचा फोन आला. बाईमाणसाचा आवाज. "सरदार आपणच ना?" म्हणाली. मी म्हटलं, "बोलतोय." हिने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आहे हो? मी हातानेच गप्प केली. जावई सोफ्यावर पेपर वाचत होता, त्याने मुद्दाम पेपर खाली केला नाही. हा मनुष्य लग्न झाल्यापासून मला 'माजी सरदार' म्हणतो, आणि स्वतः पाण्याच्या टाक्या विकतो.

चरित्रकारासाठी थोडक्यात सांगून ठेवतो. चाळीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे विलायती धाटणीचा एक गोळीबाराचा सिनेमा निघाला. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत चित्रीकरण झालं. त्यात रुंद टोप्यांचे काऊबॉय होते, छातीवर चांदणी लावलेला शेरीफ होता, आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या रानटी टोळीचा सरदार होता. तो मी. टोळीतली बाकीची माणसं वरच्या वस्तीतली, म्हणजे डोंगरावरची, खरीखुरी आणली होती. पण सरदार म्हणून त्यांच्यातला एकही चेहरा पसंत पडेना. तेव्हाचे डायरेक्टर म्हणाले, "ही माणसं खरी आहेत, पण खरी वाटत नाहीत." मी तेव्हा औषधाच्या दुकानात काउंटरला होतो. ते खोकल्याचं औषध घ्यायला आले आणि मला घेऊन गेले. अंगाला तपकिरी रंग फासला की मी खरा वाटायचो.

सिनेमा तुफान चालला. कड्यावर घोडा, घोड्यावर पाठमोरा सरदार, डोक्यावर पिसांचा टोप, उजवा हात आभाळात, हे त्याचं पोस्टर अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. चेहरा दिसत नाही, पण रुबाब दिसतो. केशकर्तनालयांच्या उद्घाटनांना, शाळांच्या संमेलनांना त्या पोस्टरच्या प्रतींवर मी इतक्या सह्या केल्या आहेत की माझं खरं नाव लिहिताना हात अडखळतो. घोडेस्वारीबद्दल मात्र कुणी खोदून विचारू नये. गुडघा धड नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डायरेक्टर बाई येऊन गेली. बाई कसली, पोर आहे. तिशीची असेल. केस कापलेले, पायात बूट, आणि चेहऱ्यावरून सरळसरळ वरच्या वस्तीतली. मला वाटलं सामान पोचवायला आली आहे. म्हटलं, "मागच्या दाराने ये." ती म्हणाली, "मागच्या दाराने येते, पण डायरेक्टर मीच आहे." हसली नाही. मीही हसलो नाही. हिनेच मध्ये पडून तिला आत घेतलं आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचा खून केला.

पोरगी पोस्टरसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे तुम्ही?"

"मग कोण?"

"नाही, पाठमोरे आहात म्हणून विचारलं."

आत हिच्या हातून झाकण पडलं. हल्ली हिच्या हातून फार वस्तू पडतात.

सिनेमा आहे तो अशा गोळीबाराच्या सिनेमांची टर उडवणारा. मी स्पष्ट सांगितलं, मी विनोदी नट नाही. "माहितीय," ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले." चला, एवढी तरी जाण आहे. मग मी विचारलं, सरदाराचं काम मोठं आहे का? म्हणाली, सगळा सिनेमा त्याच्याभोवती फिरतो. मरतो का? म्हणाली, नाही, त्याला मारण्याइतकं महत्त्व कुणी देतच नाही. हे काही मला नीट कळलं नाही, पण जिवंत राहतो हे महत्त्वाचं.

संध्याकाळी जावई म्हणाला, "सासरेबुवा, तुमचीच टर उडवणार आहेत." उचलली जीभ लावली टाळ्याला. टाक्या विकणाऱ्याने टाक्यांबद्दल बोलावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीच खाण. आता तिच्यात पाणी साठून तळं झालं आहे आणि काठावर लोक ट्रकचे टायर टाकतात. एका बाजूला लाकडी फळ्यांचं खोटं गाव उभं केलंय: दारूचा गुत्ता, तुरुंग, बँक. मागे काही नाही, नुसत्या तिरक्या बल्ल्या.

रंगभूषेच्या तंबूत गेलो आणि जागच्या जागी थबकलो. वरच्या वस्तीतली वीसपंचवीस माणसं ओळीने बसून गुलाबी होत होती! तोंडाला गुलाबी पावडर, डोक्याला पिवळे टोप, भुवया भुऱ्या. एक म्हातारी गुत्त्याची मालकीण होणार होती. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आता मला बँकेत कोणी रांगेत मागे ढकलणार नाही." सगळे खो खो हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

म्हणजे असं आहे की या सिनेमात ही सगळी मंडळी काऊबॉय आणि रानटी मी एकटा. एकटा! टोळी नाही, बायको नाही, भाला नाही. मी पोरगीला गाठून विचारलं, सरदार म्हणजे कुणाचा सरदार? म्हणाली, "तेच तर त्यालाही शोधायचंय." शब्दांचे बुडबुडे.

रंगभूषावाल्याने माझ्यासाठी तपकिरी रंगाची सुरेख छटा काढली होती. तिने ती डबी बाजूला केली. "तेव्हा काय लावलं होतं तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं, बुटाचं पॉलिश आणि तेल. "मग तेच लावा." जुन्या कामाबद्दल एवढा आदर हल्ली कुठे दिसतो? वास मात्र सहन होईना. तेव्हा तरुण होतो.

आणि शेरीफ कोण, तर खोगीर! हा मनुष्य अजून जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा खोगीर उशाला घेऊन झोपायचा म्हणून सगळे त्याला खोगीर म्हणत. जिथे घोडा लागेल तिथे याला बसवायचे, एवढंच याचं काम. आता दात पडलेत, कणा ताठ आहे, छातीवर चांदणी. पोरगीचा सख्खा काका निघाला. म्हणजे सगळी घरचीच खोगीरभरती. मला पाहून म्हणाला, "काय सरदार, पॉलिश चढलं का? बघा हं, उन्हात वितळतं." मी उत्तर दिलं नाही. नोकरमाणसाशी तेव्हाही बोलत नव्हतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज माझा दिवस होता, आणि तो मी गाजवला.

जुन्या सिनेमात सरदाराला भाषा हवी होती. वरच्या वस्तीतले लोक आपल्यासारखंच बोलतात, त्यात डरकाळी कुठून येणार? डायरेक्टर म्हणाले, काहीतरी भयंकर बोल. मी दुकानातल्या कपाटातली औषधांची नावं थोडी मुरडून म्हटली. 'टुसोम्बा' खोकल्याचं, 'बाल्गोरा' लहान मुलांच्या पोटदुखीचं, आणि 'खुजालिन' हे खरजेचं मलम. "टुसोम्बा! बाल्गोरा! खुजालिन हो हो हो!" छातीवर मुठी मारत. थिएटरात लोक किंचाळायचे. हे गुपित आजवर फक्त दुकानाच्या मालकाला ठाऊक होतं, आणि तो वारला.

आज पोरगी म्हणाली, काऊबॉय मंडळींना तेवढं वाक्य शिकवा. मी पुढे होऊन घसा खाकरला, "म्हणा माझ्यामागून. टुसोम्बा..." आणि काय सांगू! सगळ्यांना येत होतं! लहानथोर, म्हातारी, घोडे सांभाळणारा, सगळ्यांनी एका दमात शेवटच्या 'हो हो हो'पर्यंत म्हणून टाकलं. सूरही माझाच. माझे डोळे भरून आले. पोरगीला म्हटलं, बघ, इतक्या वर्षांनीसुद्धा!

"हो," ती म्हणाली. "शाळेपासून तोंडपाठ आहे आम्हाला."

प्रसिद्धी म्हणतात ती याला. शाळेत लावलेल्या धड्यालासुद्धा असं भाग्य नाही. मग मात्र कुणी माझ्याशी बोललं नाही. जेवायला मी तंबूत एकटाच. मोठ्या नटाची लोकांना भीड वाटते हे मी जाणून आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काम नाही. गुडघा. पॉलिश कानामागून निघत नाही. नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही घाण आहात का?

२१ फेब्रुवारी, शनिवार

खोगीराला मी सोडणार नाही.

आज सगळ्यांच्या देखत चहा पिताना तो पोरगीला म्हणाला, "त्या पोस्टरचा शॉट घेणारच असशील तर घोड्यावर मलाच बसव. तेव्हाही मीच होतो." मी म्हटलं, "तोंड सांभाळ." तो म्हणाला, "तोंड तुमचं होतं, पाठ माझी होती." तो कप घेऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ केली, हात वर केला आणि विचारलं, "ओळखा बरं कोण?" दोघं-तिघं हसली. पोरगी हसली नाही, पण तिने त्याला गप्पही केलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

हे थोडं स्पष्ट करायला हवं. सिनेमा हा जोडकामाचा धंदा आहे. सूर्य बुडत होता, घोडा द्वाड होता, निर्मात्याला घाई होती. कुणी कुठे बसायचं हे नटाच्या हातात नसतं. सरदार ही भूमिका माझी. भूमिका माझी म्हणजे तिची पाठही माझी. वकिलाला विचारा.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, बायको आहे, चार शिव्या तरी घालेल त्या खोगीराला. ही कांदा चिरत होती. म्हणाली, "बरोबर बोलला की तो."

"म्हणजे?"

"अहो, लग्न झाल्यापासून तुमच्या पाठीला बाम चोळतेय मी. त्या पोस्टरमधली पाठ तुमची नाही, हे मला कळायला खोगीर कशाला हवा?"

मग म्हटलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी? येईल-जाईल त्याला 'हा मीच' म्हणून सांगत होतात. मला तेवढं नाही सांगितलंत. म्हटलं, लाज असेल थोडी." आणि कांदा फोडणीत टाकला.

जेवलो नाही. म्हणजे थोडंसं जेवलो. घरचा भेदी, दुसरं काय! उद्यापासून बाम मी स्वतः लावून घेणार. हात पोचत नाही ती जागा राहू दे तशीच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू नये असं वाटतं, पण चरित्रकाराला दुसऱ्या बाजूकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आज खटल्याचा प्रसंग होता. गुत्त्यातच कोर्ट. खोगीर शेरीफ, तोच न्यायाधीश. आरोप असा की मी रानटी नाही. मी मध्ये पिंपावर उभा, अंगावर पिसं आणि पॉलिश, समोर ते सगळे गुलाबी. खोगीर म्हणतो, चालून दाखव. मी चाललो. बसून दाखव. ओरडून दाखव. मी सगळं केलं. ते एकमेकांत कुजबुजले, आणि खोगीराने टोपी मागे सारून निकाल दिला, "हा खरा असेल हो. पण खरा वाटत नाही."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आहे. कुठे ते आठवेना. खोगीराने ते म्हणताना संहितेकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

पुढे मी माझं वाक्य म्हणायचं होतं. मी 'टुसो' एवढंच म्हटलं आणि ती सगळी एकदम उभी राहिली. "टुसोम्बा! बाल्गोरा! खुजालिन हो हो हो!" पुन्हा. पुन्हा. टेबलांवर मुठी मारत, पायाने फळ्या दणदणवत, पुढे पुढे सरकत. पिवळ्या केसांची ती म्हातारी माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होती. कुणी हसत नव्हतं. बुधवारी मला गोड वाटलेला तोच सूर, तेच शब्द, पण आज ऐकवेना. मी पोरगीकडे पाहिलं. ती 'कट' म्हणेना. मी हळूच उतरायला गेलो तर एकाने पिंप धरलं.

मग सगळं थांबलं आणि खोगीर म्हणाला, "अर्थ सांग."

हे संहितेत नव्हतं. मी म्हटलं, "अर्थ नाही."

"चाळीस वर्षं आमच्या नावावर खपवलंस. अर्थ सांग."

घाम डोळ्यात गेला, त्याबरोबर पॉलिशही. आग आग झाली. म्हणालो, "खोकल्याचं औषध." तो म्हणाला, मोठ्याने. मी ओरडलो, "खोकल्याचं औषध आहे ते! पोटदुखीचं, आणि खरजेचं मलम! दुकानात होतं! बाटल्यांवर लिहिलेलं!"

असा हशा मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. दिवे धरणारे खाली बसले. म्हातारी पोट धरून म्हणत होती, मलम! अगं, मलम! खोगीराची चांदणी गळून पडली. नट म्हणून सांगतो, असं हसू एकदाच मिळतं. मी पिंपावर उभा राहून ते घेतलंही. मान झुकवली.

मग पाहिलं तर पोरगी तिथे नव्हती. खाणीच्या काठावर टायरवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. कॅमेरावाला तिला काही विचारायला गेला आणि तसाच परत आला. त्यानेच सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

शॉट बिघडला असणार. मला माहीत होतं, गुपित फोडू नये.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेलो नाही. निरोप पाठवला, मी अपमान करून घ्यायला मोकळा नाही, दुसरा रानटी शोधा.

दुपारी पोरगी स्वतः आली. आज पुढच्या दाराने. बसली नाही. पोस्टरला टेकून उभी राहिली.

"मला एकच सांगायचंय," म्हणाली. "आमच्यातलं कुणीही खाली आलं, शाळेत, दवाखान्यात, नोकरीवर, की मागून कुणीतरी ओरडायचं. टुसोम्बा. माझ्या भावाने त्यापायी शाळा सोडली. चिडवणं ठीक आहे, त्याची सवय होते. पण मला वाटायचं ही खरंच आमची भाषा असेल. जुनी. आम्ही विसरलेली. मी आजीला अर्थ विचारला होता. तिने खूप आठवून बघितलं. येईना. म्हातारीला इतकी लाज वाटली, की आपण आपली भाषा विसरलो. मरेपर्यंत मधूनच म्हणायची, आठवली असती गं, तर सांगितलं असतं तुला."

मी म्हटलं, "हे बघ, मी कुणाला चिडवायला सांगितलं नव्हतं."

"नाही. तुम्ही फक्त सह्या केल्यात."

"निघ इथून."

"निघते. परवा शेवटचा शॉट आहे. पोस्टरचाच, पण घोडा नाही. सरदार कड्यावर उभा, पाठमोरा. चेहरा काकाचा घेणार आहे, वेगळा, जवळून. पाठ तुमची हवी. नाही आलात तर कुणाचीही घेईन. पाठच तर आहे."

ही तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली आणि तासाभराने आली. दोघींचं एवढं काय बोलणं होतं? विचारलं तर म्हणाली, "तुमच्या कामाचं नव्हतं."

त्या आजीचं मध्येच का काढलं कळत नाही. मी तिला पाहिलंसुद्धा नाही कधी. बाल्गोरा चमचाभर दिलं की मूल दहा मिनिटांत शांत व्हायचं. चांगलं औषध होतं. आता मिळत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. कारण स्पष्ट लिहून ठेवतो: खोगीर युनिटमध्ये म्हणाला होता, म्हातारा कड्यावर चढणार नाही. नाहीतर मी कशाला जातो?

चढलो. गुडघा बोलत होता. पॉलिश आज नव्हतं. पोरगी म्हणाली, आहे तसे उभे राहा. पिसांचा टोप तेवढा. समोर तळं, पलीकडे वरच्या वस्तीचे पत्रे ऊन खात होते. इथून वस्ती दिसते हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी खाली खुर्चीत बसलो होतो.

खालून भोंग्यातून आवाज आला, हात वर. मी उजवा हात वर केला. हा खांदा गेल्या पावसाळ्यापासून धड नाही. पण मी कुणाला बोललो नाही, घरीही नाही. हिच्याशी बोलणं सध्या कामापुरतंच आहे. कळ मानेत गेली, मग बोटांत. मी हलणार नव्हतो. भोंग्यातून काही ऐकू आलं की नाही, कोण जाणे. वारा होता. ऊन उतरलं. हात माझा आहे असं वाटेना.

मागून पावलं वाजली. खोगीर. धापा टाकत आला होता.

"खाली करा हात. केव्हाच झालं. सामान भरतायत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगत नाहीत." तो खडकावर बसला. "मलाही तेव्हा असंच ठेवलं होतं. घोड्यावर. गाड्या निघून गेल्या तरी मी आपला हात वर. अंधार पडल्यावर घोडाच मला खाली घेऊन आला."

म्हटलं, "तुझ्यामागे कुणी आलं नाही?"

"तुम्ही याल वाटलं होतं. तुमचाच टोप होता डोक्यावर."

हात खाली येईना. त्यानेच मनगट धरून हळूहळू खाली आणला, आणि आणताना मला दोनचार सणसणीत शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. उतरताना मी त्याचा आधार घेतला नाही. फक्त एका अवघड ठिकाणी घेतला.

१५ मे, शुक्रवार

सिनेमा लागला. सहकुटुंब गेलो. जावयाने तिकिटं काढली, म्हणजे काहीतरी वाईट होणार हे मी ताडलंच होतं.

खटल्याला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मागच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून घसरला. माझ्या शेजारी वरच्या वस्तीतलं एक कुटुंब होतं. 'खोकल्याचं औषध' म्हटल्यावर त्यातला बाप हसला नाही. तो आपल्या मुलीकडे वळून काहीतरी समजावून सांगत होता, आणि ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

शेवटी मी पाठमोरा. मग पडदाभर खोगीराचा चेहरा, गुलाबी पावडर पुसत जाणारा. पावडर गेली, सुरकुत्या राहिल्या. टाळ्या त्याला.

बाहेर नवं पोस्टर आहे. वरच्या अर्ध्यात खोगीराचा चेहरा, खालच्या अर्ध्यात माझी पाठ. तो नालायक दाराशी उभा राहून सह्या करत होता, आणि सही कुठे? माझ्या पाठीवर! तीही आडवी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. नातीनेही घेतली. म्हणाली, शेरीफआजोबा किती छान आहेत. मी तिला सांगणार होतो की ही पाठ माझी आहे. गर्दी होती, राहिलं.

२० मे, बुधवार

रोजचा कॅरम खेळायला गेलो नाही. दोन दिवस बघतोय, चौकातल्या बसथांब्यावर ते पोस्टर लावलं आहे, पुरुषभर उंचीचं. येणारेजाणारे बघतात आणि म्हणतात, अरे, हा खोगीर! खाली माझी एवढी मोठी पाठ आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

आज सकाळी मी एक गोष्ट केली. वेडेपणा म्हणा. पोस्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. रस्त्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे, पोस्टरमधला मी उभा आहे अगदी तसाच. म्हटलं, शेजारी शेजारी दोन पाठी, एखाद्याला तरी कळेल. हात वर केला नाही, एवढी अक्कल शिल्लक आहे.

दोन बसगाड्या येऊन गेल्या. एक बाई म्हणाली, "आजोबा, सरका जरा, वेळापत्रक दिसत नाही." सरकलो. शाळेची पोरं आली, त्यातला एक पोस्टरकडे बघून 'टुसोम्बा' म्हणाला. दुसऱ्याने त्याच्या डोक्यात टपली मारली, "गप रे, खोकला झालाय का तुला?" आणि सगळी हसत बसमध्ये चढली. डोंगराकडे जाणारी बस होती. कोण कुठला ते मला पाठमोऱ्याला दिसलं नाही. भिंतीवर एक मुंगी चढत होती, ती बघत बसलो.

"अहो, ही पिशवी धरा."

ही. बाजारातून आली होती. मी वळलो नाही. विचारलं, "कशावरून ओळखलंस?"

तिने पिशवी माझ्या डाव्या हातात दिली आणि पोस्टरकडे पाहत राहिली. वर खोगीराकडे नाही, खाली.

"हात पुरता वर गेलेला नाही," ती म्हणाली. "खांदा दुखत होता ना तेव्हा? बोलायचं नाही का माणसाने?"

पिशवीत बटाटे होते. आम्ही चालत घरी आलो. बामाची डबी तिने काढून ठेवली आहे, मी अजून शर्ट काढलेला नाही.